राणीसाहेबांची मान

राणीसाहेबांनी मॅनेजरचा कान चोचीत धरला, डावीकडे जोरात हिसका दिला, आणि कान काही तुटला नाही.

"अजून एकदा," टेबलाखालून आवाज आला.

"मावशी, मी अजून कट म्हटलेलं नाही," डायरेक्टर वरून म्हणाला.

"मग म्हणा. कान तिथेच आहे त्याचा."

टेबलाखाली सासू आणि सून खांद्याला खांदा लावून उताण्या पडल्या होत्या. सुनेचा उजवा हात फळीच्या भोकातून कोपरापर्यंत वर गेला होता, थेट बदकाच्या मानेत, आणि बोटं चोचीत. सासूच्या एका मुठीत रबरी फुगा होता. तो दाबला की बदकाची छाती वर यायची, सोडला की खाली बसायची. दुसऱ्या हातात पंखांच्या आणि पापण्यांच्या दोऱ्या. म्हणजे मान सुनेची, श्वास सासूचा, आणि वर कॅमेऱ्यासमोर एकच एक बदक, पांढरंशुभ्र, माणसाच्या कमरेएवढं उंच आणि माणसावर खार खाऊन असलेलं. सगळं युनिट त्याला राणीसाहेब म्हणत असे.

सिनेमाचं नाव होतं 'बदकांचा बदला'. एक हॉटेल मॅनेजर तळं बुजवून तिथे पोहण्याचा तलाव बांधतो, आणि बेघर झालेली बदकं परत येऊन पाहुण्यांना एकेक करून संपवतात, अशी कथा. बघणाऱ्यानं आधी घाबरावं आणि मग आपण कशाला घाबरलो म्हणून हसावं, असं डायरेक्टरचं म्हणणं. आजवर तो लग्नांचे व्हिडिओ काढत आला होता, त्यामुळे ऐन खुनाच्या वेळीही त्याच्या तोंडून "जरा हसा" असं निघून जायचं. बंद पडलेलं एक हॉटेल त्याला तलावासकट स्वस्तात मिळालं होतं. तलावात पाणी नव्हतं. त्याच्या तळाशी हे टेबल मांडून सभोवार निळं प्लास्टिक पसरलं होतं, आणि खालून पंखा लावला की त्यावर लाटा उठायच्या. लहान बदकं चाकांवरची होती. त्यांना दोरीनं ओढायचे. जीव होता तो एका राणीसाहेबांतच.

दुसऱ्या खेपेला कान तुटला. मॅनेजर झालेला नट मनापासून ओरडला. तरीही सासू टेबलाखालून बाहेर आली ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच.

"मान मेलीय तुझी. बदक चिडलंय की झोपेतून उठलंय, कळायला नको?"

"डायरेक्टरना चाललं की, आई."

"त्यांना काय, बदकानं जांभई दिली तरी चालेल."

तलावाच्या कडेला बसून सून चोचीवरचं खोटं रक्त ओल्या फडक्यानं पुसत राहिली. हे गेले काही दिवस असंच चाललं होतं. सासूची जीभ पहिल्यापासून तिखट, पण कामाच्या बाबतीत ती कधी उगाच बोलत नसे. आता मात्र उठता बसता मान, मनगट, लक्ष. ऐकून ऐकून सुनेलाही वाटायला लागलं होतं की खरंच आपल्या हातातलं काहीतरी गेलंय.

आणि काहीतरी गेलं होतंच. निदान लक्ष तरी.

सासू आणि सासरे शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ करत. मुलगा हाताशी आल्यावर मानेचं काम त्याच्याकडे आलं. तो आजारपणात गेला तेव्हा एका शाळेचा खेळ घेऊन ठेवलेला होता. घरात पुढच्या खोलीत माणसं भेटायला येऊन बसली होती, आणि मागच्या खोलीत सासूनं सुनेचा हात धरून एका कापडी घोड्याच्या मानेत घातला होता. "रडायचं असेल तर रड," ती म्हणाली होती, "पण मनगट सैल सोडू नकोस." सून तेव्हा रडली, आणि मनगट सैल सोडलं नाही. पुढे सासरेही गेले. मागे उरलेल्या या दोघींनी भांडत, कुरकुरत, एकमेकींच्या ताटात वाढत इतकी वर्षं काढली होती. लोक म्हणत, सासू-सुनांचं इतकं जमलेलं कुठे पाहिलं नाही. त्यावर सासू म्हणायची, जमतंय कुठलं, एकीला सोडून दुसरीला चालत नाही इतकंच.

नेमकं तेच सुनेच्या जिवाला लागलं होतं.

युनिटमध्ये एक लाइटवाला होता. उंच, जरासा वाकून चालणारा, कमी बोलणारा. दिवा लावून झाला की तो शिडीवरून उतरायचा, गुडघ्यावर बसायचा आणि प्लास्टिक वर करून टेबलाखाली विचारायचा, "डोळ्यांवर येतोय का?" टेबलाखालच्या माणसांना आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी सुनेला हसूच आलं. मग ती त्या प्रश्नाची वाट बघायला लागली.

एका दुपारी ती चोच पुसत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला. हातातल्या वायरीचं वेटोळं घालत, तिच्याकडे न बघता बोलायला लागला.

"मला नाट्यगृहात नोकरी लागलीय. कायमची. लांब आहे, दुसऱ्या शहरात."

"बरं झालं की."

"हो. तुम्ही याल का?" वेटोळं सुटलं, ते त्यानं परत घातलं. "म्हणजे लग्न करून, असं म्हणतोय मी."

सुनेच्या हातातलं फडकं चोचीतच राहिलं.

"घाई नाही," तो म्हणाला. "पिक्चर संपेपर्यंत सांगा."

तिला जायचं होतं. हे तिनं त्याच संध्याकाळी स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल केल्यापासून तिला सासूच्या तोंडाकडे बघवेना. आपण उठून चालू लागायचं, आणि या बाईनं या वयात एका मुठीत फुगा आणि दुसरीत दोऱ्या धरून कुणाच्या शेजारी पडायचं? अर्ध्या बदकाला कोण बोलावणार? काम गेलं तर ती घरात बसेल आणि बसली की खचेल, हे सुनेला दिसत होतं. मेकअपवालीनं एकदा तिला खोदून खोदून विचारलं तेव्हा ती इतकंच म्हणाली होती, "मी गेले तर मान कोण धरणार?" तिच्या मते तो नकारच होता. फक्त तो लाइटवाल्याला सांगायचं तिला जमत नव्हतं, आणि आता एकच दिवस राहिला होता. उद्या राणीसाहेब मरणार होत्या.

संध्याकाळी दोघी हॉटेलातल्या त्यांच्या खोलीत होत्या. एका पलंगावर त्या दोघी झोपत, दुसऱ्यावर राणीसाहेब. सासू सुनेकडे पाठ करून बदकाची पिसं बारीक कंगव्यानं विंचरत होती.

"उद्या तू खाली येऊ नकोस," ती म्हणाली.

"खाली म्हणजे?"

"टेबलाखाली. मान मेकअपवाली धरेल."

सुनेला आधी वाटलं, थट्टा आहे. मग सासूचा कंगवा तिथल्या तिथेच फिरत असलेला तिला दिसला.

"तिला काय येतं, आई?"

"तुला तरी काय येत होतं?"

"अहो, उद्या शेवटचा सीन आहे. मरायचा सीन!"

"म्हणूनच. गेले चार दिवस तुझं लक्ष भलतीकडे आहे. टेबलाखाली असतेस आणि टेबलाखाली नसतेस. मला शेजारी माणूस लागतं, नुसता हात नको."

सुनेच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. म्हणजे हिला कळलंय. सगळं युनिट बघतंय, मग ही का नाही बघणार?

"तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मला डोळे आहेत."

"मी काहीही केलेलं नाही, आई."

"तेच तर," सासू म्हणाली, आणि पुढे बोलायचं थांबून तिनं कंगव्यातली पिसं काढली. "झोप आता. उद्या लवकर उठायचंय मला."

सून तोंड फिरवून आडवी झाली. मानेवरून काढलं जाणं म्हणजे घरातून काढल्यासारखं वाटलं तिला. इतकी वर्षं निमूटपणे या बाईच्या शेजारी पडून काढली, आणि शेवटच्या दिवशी कानामागून आलेली मेकअपवाली तिखट झाली. तिनं उशीत तोंड खुपसून थोडं रडून घेतलं. मागे सासूचं हालणं चुळबुळणं चाललं होतं.

सकाळी सून तलावावर पोचली तेव्हा मेकअपवाली कडेला बसून स्वतःच्याच कोपराला मलम चोळत होती. कोपर चांगलं काळंनिळं झालं होतं.

"भोकाच्या कडा किती धारदार आहेत हो वहिनी! तुम्ही कशा सहन करता?"

"आधी फडकं गुंडाळायचं असतं," सून कोरडेपणानं म्हणाली. "आणि इतकं लागायला झालं काय? सीन अजून व्हायचाय."

मेकअपवालीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मावशींनी."

"मग नको सांगूस."

"चार दिवस झाले वहिनी, रोज पहाटे मला उठवून टेबलाखाली नेतायत. तुम्ही झोपलेल्या असता. पाठीचा पार भुगा झालाय माझ्या. आणि बोलणं तर काय! माझी सासूसुद्धा मला इतकं बोलली नव्हती."

सून तिच्याकडे बघत राहिली.

"माझीच चूक झाली," मेकअपवाली खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, मान कोण धरणार, ते मी त्यांना जाऊन सांगितलं. मला वाटलं, चिडतील. पण चिडल्या नाहीत. मग म्हणाल्या, एवढंच अडलंय होय? मान धरायला मी माणूस उभं करते. पुढचं तिचं तिनं बघावं."

तलावात कुणीतरी पंखा चालू करून बघितला. निळं प्लास्टिक फुगलं आणि बसलं.

सुनेला आधी राग आला. हे सगळं परस्पर ठरवायचं, मला एका शब्दानं विचारायचं नाही, वर चार दिवस मान मेली मान मेली म्हणून माझा जीव खायचा! तिथून सरळ जाऊन सासूला जाब विचारावा असं तिला वाटलं. मग रागाखालून एकदम सुटल्यासारखं काहीतरी वर आलं, छाती हलकी झाली, आणि त्या हलकेपणाची तिला भयंकर लाज वाटली. सासू मात्र तलावाच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिक ताणून बसवत होती. तिनं एकदाही इकडे पाहिलं नाही.

"बसा ना तिथे, स्क्रीनजवळ," डायरेक्टर सुनेला म्हणाला. "आज तुम्ही पाहुण्या."

ती घडीच्या खुर्चीवर बसली. समोरच्या छोट्या पडद्यावर राणीसाहेब होत्या.

तिनं राणीसाहेबांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. आजवर तिला दिसायची ती फळीची खालची बाजू, एक गाठ आणि दोन खिळे. आता पडद्यावर एक चिडकी, मानी, जराशी दमलेली बाई होती, पंख मिटून बसलेली. अजून तिची मान हलली नव्हती. नुसती छाती वरखाली होत होती, मध्येच थबकत होती, पुन्हा चालू होत होती. एवढ्यावरच ती जिवंत होती. सुनेला आजवर वाटत आलं होतं, जीव मानेत असतो, सासूच तसं सांगत आलेली. पण सासू सगळा वेळ शेजारी पडून हे करत होती आणि कधी बोलली नव्हती.

"ॲक्शन!"

सीन साधा होता. राणीसाहेब मॅनेजरला मारतात, पण त्याचा केसांचा टोप त्यांच्या घशात अडकतो. त्यांनी खोकायचं, मान उंच करून एकदा वर बघायचं, आणि मग ती मान सावकाश तलावाच्या कडेवर टेकवायची. इथे लोकांना वाईट वाटलं पाहिजे, असं डायरेक्टरनं सगळ्यांना दोनदा बजावलं होतं. बदकांचं तळंच गेलंय हो, तो म्हणाला होता, खरी बाजू त्यांचीच आहे.

राणीसाहेब खोकल्या. इथवर बरं झालं. मग मान वर जायच्याऐवजी उजवीकडे गेली, मेलेल्या मॅनेजरच्या गुडघ्यावर आपटली, मॅनेजरनं मेल्या मेल्या पाय आखडून घेतला. मान घाईनं परत वर आली, डुलली, चोच उघडी पडली, आणि प्रवासात पेंग आलेल्या माणसासारखी हनुवटी छातीवर टेकली. सासूनं खालून सावरायचा प्रयत्न केला. पंख थरथरवला, एक पापणी अर्धी मिटवली, श्वास लांब लांब करत आणला. पण मान म्हणजे मान. कडेला उभ्या असलेल्या कुणाला तरी हसू फुटलं, त्यानं ते हातानं दाबलं.

सुनेचं मनगट मांडीवर आपोआप वळलं होतं. असं नाही, असं. आधी उंच, मग थांब, मग सोड.

"कट," डायरेक्टर म्हणाला, फारसा मोठ्यानं नाही. मग खुर्चीशी वाकून कुजबुजला, "मावशींना आता कोण सांगणार? तुम्ही जाता का खाली? एकदाच. दोन मिनिटांचं काम आहे तुम्हाला."

सून उठून उभी राहिली. आपण कधीच बाही कोपरापर्यंत सारली आहे, हे तिला तेव्हा दिसलं. शिडीवर लाइटवाला तापलेल्या दिव्याचं झाकण फडक्यानं धरून बसला होता, आणि मुद्दाम दिव्याकडेच बघत होता.

तेवढ्यात टेबलाखालून सासूचा आवाज आला.

"कसं झालं गं?"

डायरेक्टरला नाही, तिला. सासू असं कुणाला विचारणारी बाई नव्हती. चांगलं झालं की वाईट, हे टेबलाखाली पडल्या पडल्या तिला इतरांच्या आधी कळायचं, आणि शेजारची मान कशी पडली हे तर तिच्या खांद्यालाच कळलं असणार.

सुनेनं प्लास्टिककडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकायचं, वाकायचं, आत शिरायचं, की पुन्हा सगळं जागच्या जागी.

"छान झालं, आई," ती म्हणाली.

डायरेक्टरनं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडे न बघता हात वर करून त्याला थांबवलं.

"अगदी छान. मान बरोबर पडली. अजून एकदा नको."

पडद्यावर मेलेल्या राणीसाहेबांची छाती एकदा भरून वर आली, तशीच राहिली, आणि मग सावकाश खाली बसली.

"मग पुरे," आतून सासू म्हणाली. "जा, सांग त्याला. दिवे उतरव म्हणावं."